भिजलेले फोन, कोरडी हमी

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यातील २२ आणि २३ तारखांच्या मधली रात्र नागपूरकर इतक्यात विसरणार नाहीत. अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, दीडशे वर्षांपूर्वी शहराची तहान भागविण्यासाठी बांधलेला अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, आणि एरवी जिला नाला म्हणून हिणवले जाते ती नाग नदी पहाटेच्या अंधारात लोकांच्या घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणीच पाणी झाले. माणसे दगावली. सुमारे दहा हजार घरांचे नुकसान झाल्याचे सरकारनेच सांगितले आणि घरटी दहा हजार रुपयांची मदत जाहीर केली. तलावाच्या सांडव्यापुढची बांधकामे, नदीच्या पात्रातील अतिक्रमणे आणि त्यांना परवानगी देणारे हात यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे त्याचा ऊहापोहही झाला. आज मात्र त्या रात्री बुडालेल्या एका लहानशा वस्तूविषयी लिहावयाचे आहे. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्या माणसाच्या उशाशी जी असते, आणि म्हणून पाणी घरात येताच जी सर्वांत आधी भिजते, ती वस्तू म्हणजे मोबाईल फोन.

मोबाईलच्या विम्यावर अग्रलेख लिहिण्याइतके आता चळवळीपुढचे प्रश्न संपले काय, असे आमचे काही सहकारी विचारतील. त्यांच्या मनात फोन अजूनही चैनीची वस्तू आहे. ही समजूत दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरी असेल. आज ती खरी नाही. घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या मुलाला कोठे जायचे ते फोन सांगतो, त्याची मजुरी फोनवर मोजली जाते आणि फोन बंद पडला की त्याचे त्या दिवसाचे काम बंद पडते. रिक्षावाल्याचे भाडे, भाजीवाल्या बाईचे पैसे, रोजंदारीच्या मजुराची हजेरी, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनच्या कागदपत्रांचा पडताळा हे सारे त्या एका चौकोनी काचेतून होते. सुताराला करवत आणि शिंप्याला यंत्र, तसा या कामगाराला फोन. फरक इतकाच की एम्प्रेस मिलमधील कामगाराला माग स्वतःच्या पैशाने विकत आणावा लागत नसे आणि माग मोडला तर दुरुस्तीचा खर्च मालकाचा असे. आजच्या मालकाने औजार कामगाराच्याच गळ्यात बांधले आहे. ते घेण्यासाठी कर्ज त्याने काढावयाचे, हप्ते त्याने फेडावयाचे, आणि ते भिजले तर नुकसानही त्यानेच सोसावयाचे.

या शेवटच्या नुकसानीची भीती हाच एक मोठा धंदा झाला आहे. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांतून फोन विकत घेणाऱ्या कोणालाही हा अनुभव असेल. फोनची किंमत ठरते, हप्त्यांचे कागद होतात, आणि मग काउंटरवरचा मुलगा सहज विचारतो की वॉरंटी वाढवून द्यायची का, हप्त्यात फारसा फरक पडणार नाही. ‘पाण्यात पडला तरी काळजी नाही’ हे वाक्यही बहुधा त्याच दमात येते. हा मुलगा खोटारडा असतो असे आम्ही म्हणत नाही. तोही कमिशनवर राबणारा, बारा-बारा तास उभा राहणारा कामगारच असतो, आणि त्याने स्वतः त्या योजनेचे नियम वाचलेले असण्याची शक्यता गिऱ्हाइकाइतकीच कमी.

त्या नियमांत काय असते ते एकदा नीट समजून घ्यावयास हवे, कारण सारी गोम तेथेच आहे. फोन बनविणारी कंपनी साधारणपणे एक वर्षाची हमी देते. ती माल आणि घडण यांतील दोषांपुरती असते; पाण्याने झालेले नुकसान तीत बसत नाही. दुकानात जी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ विकली जाते ती पुष्कळदा याच हमीची मुदत आणखी एका वर्षाने वाढविते. म्हणजे जे पहिल्या वर्षी वगळलेले होते ते दुसऱ्या वर्षीही वगळलेलेच. पाण्याचे, पडझडीचे नुकसान भरून देणारी योजना निराळी असते, तिचे पैसेही निराळे असतात, आणि तिच्या पाठीशी बहुधा एखादी विमा कंपनी उभी असते. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र एकच पावती पडते. दुकानाचे नाव एक, योजना चालविणाऱ्या कंपनीचे दुसरे, विमा कंपनीचे तिसरे. आणि अटींचा कागद म्हणजे फोनवर आलेल्या संदेशातील एक दुवा, ज्यावर बोट ठेवले की इंग्रजीतली पंचवीस-तीस पाने उघडतात.

ही सरमिसळ निव्वळ गैरसमजातून झालेली नाही. विमा विकावयाचा तर १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे नोंदणी हवी, नियामकाची देखरेख आली, दावा नाकारताना कारणे द्यावी लागली. हमी विकावयाची तर यांतले काहीच नको. तेव्हा विकताना विम्याची भाषा बोलावयाची आणि दावा आला की हमीचा कागद पुढे करावयाचा, ही सोयीची रीत पडली आहे. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले आणि १९९९ च्या कायद्याने ते क्षेत्र पुन्हा खासगी भांडवलास खुले झाले. त्या दोन टोकांमधील वादात आम्ही येथे शिरत नाही. परंतु सरकारी विमा कंपनीच्या दारात निदान आपण विमाच घेत आहोत एवढे तरी माणसाला ठाऊक असे.

आता दावा कसा फेटाळला जातो ते पाहा. अशा योजनांत फोन भिजल्यापासून चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत कळवा, अशी अट सर्रास आढळते. कळवावयाचे कशाने? फोनने, किंवा कंपनीच्या अ‍ॅपवरून. ओळख पटविण्यासाठी सांकेतिक आकडा येणार तो त्याच मेलेल्या फोनच्या क्रमांकावर. ज्याच्या घरात कमरेएवढा गाळ साचला आहे, ज्याची म्हातारी आई गच्चीवर नेऊन बसवली आहे, ज्याचा रेशनचा तांदूळ कुजला आहे, त्या माणसाने पहिल्या दोन दिवसांत विमा कंपनीचा नंबर शोधीत फिरावे ही अपेक्षा करणाऱ्यांनी पूर कधी पाहिलेला नाही. त्या वर्षी तर ऐन गणपतीचे दिवस होते आणि पुराचा दिवस शनिवार होता.

पुढची अट अशी की फोन अधिकृत केंद्राखेरीज कोणी उघडता कामा नये. ही अट वरवर रास्त वाटते. परंतु पाण्याची जात अशी की ते वीज असलेल्या पट्टीवर पसरले की धातूला गंज चढू लागतो आणि प्रत्येक तासागणिक नुकसान वाढते. वस्तीतला दुरुस्तीवाला फोन लगेच उघडील, बॅटरी सोडवील, पट्टी अल्कोहोलने धुऊन सुकवील, आणि कित्येक फोन अशा रीतीने काही शे रुपयांत वाचतात. (तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याचा उपाय मात्र निरुपयोगी आहे, तांदळाची भुकटी आत जाते एवढेच.) अट पाळणारा माणूस फोनला हात न लावता तपासनिसाची वाट पाहतो. चार-आठ दिवसांनी तपासणी होते आणि शेरा मिळतो की आता दुरुस्ती परवडण्याजोगी नाही. मग घसारा वजा होतो, प्रक्रिया शुल्क वजा होते. जे नुकसान शेवटी मोजले जाते त्यातले बरेचसे त्या अटीनेच घडविलेले असते. आणि हुन्नरी माणसाचा धंदा बसतो तो वेगळाच.

तिसरी गोष्ट सर्वांत मासलेवाईक आहे. फोनच्या आत एक इवलीशी पांढरी पट्टी चिकटवलेली असते. ओल लागली की ती लाल वा गुलाबी होते. सर्व्हिस सेंटरमध्ये फोन उघडून ही पट्टी पाहिली जाते आणि ती रंगलेली असली तर हमी रद्द. फोन कशाने बिघडला, बिघाडाचा त्या ओलीशी संबंध आहे की नाही, हे विचारावयाचे कारणच उरत नाही. अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीविरुद्ध याच पट्टीवरून सामुदायिक दावा झाला होता. हवेतील दमटपणानेही ती रंगते आणि न भिजलेल्या फोनची हमीही नाकारली जाते, असे ग्राहकांचे म्हणणे होते. २०१३ साली कंपनीने ५ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. विदर्भातल्या श्रावण-भाद्रपदात घामाने चिंब झालेल्या शर्टाच्या खिशात दिवसभर फोन बाळगणाऱ्या माणसाने त्या पट्टीकडून न्यायाची काय अपेक्षा करावी? फोन विकणारा, तपासणारा आणि निवाडा देणारा असे तिन्ही एकाच बाजूचे असतात, आणि साक्षीदार म्हणून कागदाचा एक कपटा.

कंपन्यांचेही एक म्हणणे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. लोक जुना फोन मुद्दाम पाण्यात बुडवितात व नवा मागतात, असे त्या सांगतात. असे करणारे असतीलही. पण लबाडी सिद्ध करण्याचा भार जो लबाडीचा आरोप करतो त्याच्यावर असतो, हे साधे तत्त्व येथे उलटे का व्हावे? ज्या रात्री निम्मे शहर पाण्यात होते त्या रात्री तुमचा फोन पाण्यात कसा गेला याचा पुरावा आणा म्हणणे, हे सावधपणाचे लक्षण नव्हे.

शिवाय पाण्याची भूल पाडली कोणी? गेली काही वर्षे फोन पाण्यात टिकतो म्हणूनच विकला जात आहे. जाहिरातीत तो जलतरण तलावात दिसतो, समुद्राच्या लाटांत दिसतो. त्याच्यावर जो आय.पी. सदुसष्ट असा अंक असतो त्याचा अर्थ एवढाच की प्रयोगशाळेतील स्वच्छ, स्थिर पाण्यात एक मीटर खोलीवर तो अर्धा तास तगला. नाग नदीचे पाणी कसे असते ते आम्ही नागपूरकरांना सांगावयास नको. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलला एक कोटी युरोंचा दंड ठोठावला, कारण एकीकडे पाण्याला न जुमानणारा फोन अशी जाहिरात होती आणि दुसरीकडे हमीच्या कागदात पाण्याचे नुकसान वगळलेले होते. ऑस्ट्रेलियात तेथील सरकारी ग्राहक आयोगाने सॅमसंगवर खटला भरला आणि २०२२ साली न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावयास लावले. भांडवलशाही देशांतील ही उदाहरणे आहेत, हे येथे मुद्दाम नमूद करतो. आपल्याकडेही २०१९ च्या कायद्यान्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० च्या जुलैपासून आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईचा अधिकार त्याला आहे.

आणि सरकार स्वतः मालक होते तेव्हा काय होते? महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना पोषण आहाराच्या नोंदी करण्यासाठी सरकारने २०१९ च्या सुमारास फोन दिले. फोन सुमार प्रतीचे होते, अ‍ॅपचे ओझे त्यांना पेलवेना, ते वारंवार बिघडत. २०२१ च्या मे महिन्यात त्यांची वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचे हजारो रुपये तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकांच्या माथी येऊ लागले. त्या ऑगस्टमध्ये सेविकांनी राज्यभर मोबाईल वापसी आंदोलन केले; प्रकल्प कार्यालयांत जाऊन त्यांनी फोनचे ढीग सरकारपुढे ठेवले. औजार ज्याच्या कामासाठी, त्याचा खर्च त्याने सोसावा, एवढेच त्या स्त्रिया सांगत होत्या. फोन कामगाराचे औजार आहे हे आमच्या सैद्धांतिक चर्चांच्या कितीतरी आधी त्यांना कळले होते, आणि त्यांनी ते रस्त्यावर मांडले. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी लाटणी घेतलेल्या स्त्रिया महागाईविरुद्ध रस्त्यावर आणल्या, तेव्हाही तेलसाखरेचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न नव्हे असे म्हणणारे विद्वान होते.

कायद्याची बाजू अगदीच लंगडी नाही. १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन पक्षांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असेल आणि दुबळ्याला सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अशा करारातील अन्याय्य कलम न्यायालय मानणार नाही. तो खटला नोकरीतून काढलेल्यांचा होता. त्याच वर्षाअखेर संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. विम्याचे दावे केवळ उशिरा कळविले म्हणून यांत्रिकपणे फेटाळू नका, असे विमा नियामकाने २०११ च्या सप्टेंबरात कंपन्यांना बजावले, आणि २०१७ साली ट्रकचोरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोच दंडक धरला. चेन्नईच्या २०१५ च्या आणि केरळच्या २०१८ च्या पुरांनंतर नियामकाने विमा कंपन्यांना दावे सुलभ रीतीने निकाली काढण्यास सांगितले होते. मोबाईलच्या योजनेमागे विमा कंपनी आहे हे एकदा कागदावर आले, की हे सारे दावेदाराच्या कामी येते. म्हणून तर ते कागदावर येऊ न देण्याची एवढी धडपड.

२०१९ च्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच ग्राहक कायद्यात आणली, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण त्यातली मेख पाहा. अन्याय्य कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही. ती राज्य आयोगापुढेच न्यावी लागते. बारा हजारांच्या फोनसाठी राज्य आयोगाची पायरी कोण चढणार? नागपुरात राज्य आयोगाचे फिरते खंडपीठ आहे हे खरे. गडचिरोली वा बुलढाण्याच्या माणसाला त्याचा दिलासा किती? लहान रकमांच्या बाबतीत हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या खासदार-आमदारांनी लावून धरावी. तिच्या जोडीला दुसरी, राज्य सरकारकडे: अतिवृष्टी झाल्याचे सरकारने एकदा जाहीर केले की त्या भागात कळविण्याच्या मुदतीची अट स्थगित व्हावी आणि तलाठ्याचा पंचनामा हाच फोन भिजल्याचा पुरावा धरला जावा. आपत्ती मदतीच्या निकषांत कपड्यालत्त्यांची आणि भांड्याकुंड्यांची नोंद आहे, फोनची नाही. ती यादी ज्यांनी केली त्यांच्या कल्पनेतला गरीब माणूस अजून बिनफोनचा आहे. निदान पंचनाम्याच्या कागदावर तरी फोनसाठी एक ओळ असावी.

राहिली गोष्ट आपल्या स्वतःच्या आळसाची. बुडालेल्या वस्त्यांत आपले कार्यकर्ते गेले, गाळ उपसला, शिधा वाटला. त्याबद्दल कोणी नावे ठेवणार नाही. पण कोणाच्या फोनचा दावा फेटाळला गेला आहे याची वस्तीवार यादी करावी, हे आपल्याला सुचले नाही. दावा नाकारल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. त्या पुरातील बहुतेकांची ती मुदत २०२५ अखेर टळली, आणि आता विलंब माफ करण्याची विनंती करीत आयोगापुढे जावे लागेल. ते अशक्य नाही. परंतु जो रस्ता सरळ होता तो आपण वाकडा होऊ दिला. ग्राहकांचे प्रश्न म्हणजे मध्यमवर्गीयांचे चोचले, ही जी एक जुनी अढी आपल्यात आहे तिचे हे फळ आहे.

पुढील पावसाळ्यापूर्वी शाखांना करता येण्याजोगे काम अवघड नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथेच ती करता येते. कंपनीचे कार्यालय गुरगावात असले तरी तिला नागपुरात यावे लागते. बिघाडाचे कारण वादग्रस्त असेल तर फोन प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आयोगाला आहे, म्हणजे त्या रंगीत पट्टीचा शब्द अखेरचा नव्हे. एकाच योजनेने एकाच कारणास्तव नाकारलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकच तक्रार दाखल करण्याची तरतूद कलम ३५ मध्ये आहे. कंपनीला एकेकटा माणूस थकविता येतो. चाळीस जणांचा अर्ज थकविणे तितके सोपे नाही. जेवण पोहोचविणाऱ्या मुलांच्या, रिक्षाचालकांच्या, घरकामगार बायांच्या ज्या संघटना आपण चालवितो त्यांच्या सभासदांकडे अशा योजनांच्या किती पावत्या आहेत, त्यांवर विमा कंपनीचे नाव आहे की नाही, पाण्याचे नुकसान धरले आहे की वगळले आहे, हे एका वहीत उतरवून घ्यावे. पावतीची आणि अटींची छापील प्रत फोनच्या बाहेर, कोरड्या जागी ठेवावयास सांगावे. दावा फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे आणि उघडलेल्या फोनचे छायाचित्र मागावे. तोंडी नकार घेऊन कोणी काउंटरवरून परत येऊ नये. नाग आणि पिवळी नदीच्या काठच्या वस्त्यांपासून ही वही सुरू करावी, आणि मृग निघण्यापूर्वी ती जिल्हा कार्यालयात पोहोचावी.